जीर्णोद्धार की झाडलोट?

‘जुने ते सोने’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात दहा वेळा लिहून आपण सर्वजण लहानाचे मोठे झालो. मात्र घरातले तांब्या-पितळेचे हंडे मोडीत घालताना, वाड्याचे सागवानी खांब विकून स्लॅब टाकताना, आजोबांच्या पोथ्या रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवताना ते वाक्य आपल्याला आठवत नाही. मी याला अपवाद आहे असे कोणी समजू नये. किंबहुना, या लेखाचा विषय माझीच एक चूक आहे. ती माझ्या एकटीची नसून हा अंक हाती घेणाऱ्यांपैकी निदान पन्नासजणांची आहे, आणि तिचे छायाचित्र आपल्या गेल्या वर्षीच्या अंकात मोठ्या कौतुकाने छापून आले आहे. गंमत अशी, की ती चूक होती हे मला येथे कळले नाही. ते कळण्यासाठी इंग्लंडमधल्या एका आडवळणाच्या खेड्यातील चर्चमध्ये जावे लागले. तेव्हा आधी त्या चर्चविषयी सांगते, मग चुकीविषयी.

गेल्या सप्टेंबरात मामेबहिणीच्या लग्नासाठी बर्मिंगहॅमला जाण्याचा योग आला. (हजेरीपटावरील पंधरा दिवसांच्या रिकाम्या चौकोनांचा खुलासा मागणाऱ्या प्राध्यापकांनी याची कृपया नोंद घ्यावी.) लग्न पार पडले, पाहुणे पांगले आणि शनिवारी सकाळी मामांनी टेबलावर एक पत्रक ठेवले. सप्टेंबर महिन्यात तेथे ‘हेरिटेज ओपन डेज’ नावाचा उपक्रम असतो. मराठीत त्याला ‘उघड्या दारांचे दिवस’ म्हणता येईल. मूळ कल्पना फ्रान्सची. १९८४ साली तेथील सांस्कृतिक खात्याचे मंत्री जाक लांग यांनी ऐतिहासिक वास्तूंची दारे एक दिवस सर्वांना खुली केली. पुढे १९९१ पासून युरोपातील देशांनी मिळून हा उपक्रम उचलला आणि १९९४ पासून तो इंग्लंडमध्ये सुरू झाला. एरवी बंद असलेल्या वास्तू या दिवसांत उघडतात. जेथे तिकीट असते तेथे ते माफ होते. जुने कारखाने, न्यायमंदिरे, घंटेचे मनोरे, सरदारांचे वाडे, सारे पाहायला मिळते. माहिती सांगायला बहुधा पगारी नोकर नसतात. गावातलीच माणसे हौसेने उभी राहतात.

“अगं, राजवाडा बघू, किल्ला बघू. त्या आडगावच्या चर्चमध्ये काय ठेवलंय?” असे मामी म्हणाल्याच. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी आणि मामा हट्टी. आम्ही केंपलीला जायचे ठरवले. केंपली हे ग्लॉस्टरशायर परगण्यातले छोटेसे गाव. तेथील सेंट मेरीचे चर्च उन्हाळ्याच्या दिवसांत एरवीही पाहता येते. पण चाळीस वर्षे इंग्लंडात राहून मामांना तेथे जायचे निमित्त सापडले नव्हते. ते या दिवसांमुळे सापडले. मला वाटते, अशा उपक्रमांचा खरा उपयोग हाच. दार उघडे असून चालत नाही. आत जाण्याचे निमित्तही कोणीतरी द्यावे लागते.

सव्वा-दीड तासाचा रस्ता. मोठा हमरस्ता सोडल्यावर दोन्ही बाजूंना कुंपणाची हिरवी झुडपे आणि सफरचंदाच्या बागा लागल्या. वाटेत डोक्यावर शिरस्त्राण घातलेले सायकलस्वार पुन्हापुन्हा दिसत होते. त्यांत पोरेसोरे होती तसे सत्तरीचे आजोबाही होते. मामांनी सांगितले की सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ही माणसे एका चर्चहून दुसऱ्या चर्चला सायकलने किंवा पायी जातात. ओळखीपाळखीचे लोक त्यांना दर चर्चमागे काही रक्कम देण्याचे कबूल करतात आणि तो पैसा जुन्या चर्चच्या दुरुस्तीला जातो. मला वारीची आठवण झाली. फरक एवढाच, की आपली वारी देवाच्या भेटीला जाते आणि ही देवाच्या घराच्या छपरासाठी निघालेली होती.

चर्च गावात नाहीच. वस्ती शतकानुशतके हळूहळू दूर सरकत गेली आणि चर्च शेतांच्या मधोमध एकटे राहिले. फिकट गिलाव्याच्या भिंती, ठेंगणा मनोरा, पुढे लाकडी देवडी, सभोवार गवत आणि कलंडलेले थडग्यांचे दगड. ‘हेच का ते?’ असा चेहरा मामांनी केला. खोटे कशाला बोलू, मीही केला. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी देवळाचा सभामंडप याहून मोठा असतो. दारावरच्या अर्धवर्तुळाकार शिळेवर जीवनवृक्ष कोरलेला आहे. तो पाहत पाहत मी सवयीने चपला काढल्या आणि आत बसलेल्या एक वृद्ध बाई हसून म्हणाल्या, “राहू दे, फरशी फार गार आहे.”

आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसले नाही. मग आपण ज्याला गाभारा म्हणू त्या भागाकडे नजर गेली आणि मी जागच्या जागी थांबले.

तो गाभारा म्हणजे अर्धगोल छताची एक लहानशी खोली आहे, आणि तिच्या छतापासून भिंतींपर्यंत सर्वत्र चित्रे आहेत. छताच्या मध्यभागी इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त. त्याच्याभोवती सूर्य, चंद्र, दीपस्तंभ आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हे: पंख असलेला मनुष्य, सिंह, बैल व गरुड. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सहा-सहा असे बारा प्रेषित बसलेले असून सर्वांच्या माना वर, ख्रिस्ताकडे वळलेल्या आहेत. आपण मध्ये उभे राहिलो की आपलीही मान आपोआप वर जाते. रंग म्हणावेत तर आपल्या ओळखीचेच: गेरू, पिवडी, चुन्याचा पांढरा. कोठेही झगमगाट नाही. काही चेहरे पुसट झाले आहेत; काहींचे डोळे मात्र अजून शाबूत आहेत.

ही चित्रे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत. छपराच्या लाकडांवरील वर्तुळे मोजून तज्ज्ञांनी ते लाकूड इ. स. ११२० ते ११५० च्या दरम्यानचे ठरवले आहे. म्हणजे ज्या छपराखाली ही चित्रे काढली गेली तेच छप्पर आजही त्यांच्यावर आहे. आपले अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० चे. म्हणजे अंबरनाथचे पाथरवट म्हातारे होऊन गेल्यावर एक-दोन पिढ्यांनी केंपलीचा चित्रकार ओल्या भिंतीवर कुंचला फिरवीत होता. ‘ओल्या भिंतीवर’ हे शब्दशः खरे आहे. गाभाऱ्यातील चित्रे फ्रेस्को पद्धतीची आहेत. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात. गिलावा वाळताना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्याच्या अंगातच कायमचा बसतो. म्हणजे हा रंग भिंतीला वरून चिकटवलेला नसून भिंतीचाच भाग झालेला असतो.

आणि तरीही सुमारे तीनशे वर्षे ही चित्रे कोणालाही दिसत नव्हती. ही कथा मला चित्रांइतकीच महत्त्वाची वाटली. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली. १५४७ साली सहावा एडवर्ड गादीवर आला आणि चर्चमधील मूर्ती व चित्रे नष्ट करण्याचे हुकूम सुटले. गावोगावच्या भिंतींवर चुन्याची सफेदी फिरली. केंपलीच्या ख्रिस्तावरही ती फिरली. चित्रे पुसून टाकणे हा हेतू होता. पण चुना हा स्वभावाने सालस पदार्थ. भिंतीला श्वास घेऊ द्यावा, आतली ओल बाहेर जाऊ द्यावी, असा त्याचा धर्म. ज्यांनी चित्रे मिटवायला तो फासला, त्यांनीच नकळत ती जपून ठेवली.

पुढे १८७२ साली ती सफेदी काढण्यात आली आणि चित्रे पुन्हा उजेडात आली. आनंदच झाला असणार. आता ही अमोल ठेव टिकवली पाहिजे, या सद्‌भावनेने तिच्यावर शेलॅकचे रोगण चढवण्यात आले. शेलॅक म्हणजे लाख. आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांपासून मिळते तीच. त्या काळी जगभर ती मुख्यत्वे हिंदुस्थानातूनच जात असे. दाराखिडक्यांना शोभणारे हे रोगण चुन्याच्या भिंतीला मात्र बाधले. भिंतीचा श्वास कोंडला, रोगण काळवंडले आणि त्याखाली चित्रांना इजा होऊ लागली. अखेर १९५० नंतरच्या दशकात तज्ज्ञांनी ते मोठ्या कष्टाने काढले. आज आपण जे पाहतो ते त्यातून वाचलेले आहे.

म्हणजे हिशेब असा होतो: चित्रांच्या वैऱ्यांनी त्यांना तारले आणि चाहत्यांनी त्यांना मारत आणले. हा दैवाचा विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण त्यातून इंग्रजांनी एक धडा घेतला, तो सांगण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चच्या ‘जीर्णोद्धारा’ची मोठी लाट आली होती. जुना गिलावा खरवडायचा, नंतरच्या शतकांत झालेली भर पाडायची आणि इमारत ‘मूळ’ कशी असेल याची कल्पना करून ती नव्याने घडवायची, असा प्रघात पडला. हेतू भक्तीचा, खर्च सढळ हाताचा. केंपलीहून फार दूर नसलेल्या, त्याच परगण्यातल्या ट्यूक्सबरीच्या मोठ्या चर्चचा असाच जीर्णोद्धार निघाला, तेव्हा कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने वृत्तपत्रात कडक पत्र लिहिले आणि १८७७ सालच्या मार्च महिन्यात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून लोक तिला थट्टेने ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत. ती आजही काम करते. मॉरिसचे म्हणणे थोडक्यात असे, की जुनी वास्तू आपली मालमत्ता नव्हे. ती मागल्यांनी बांधली, पुढल्यांना द्यायची आहे; आपण मधले विश्वस्त. म्हणून तिला नवी करण्याच्या फंदात न पडता रोजची निगा राखावी, पडू लागलेल्या भिंतीला टेकू द्यावा, गळके छप्पर शिवावे आणि यापलीकडे हात आखडता घ्यावा.

केंपलीतच याचा एक पडताळा मिळतो. वस्ती दूर गेल्यामुळे गावकऱ्यांना जवळ चर्च हवे होते. त्यांनी जुन्या चर्चची मोडतोड केली नाही, त्याला नवे दालनही जोडले नाही. १९०३ साली वस्तीजवळ दुसरे चर्च बांधले. तेही सुंदर आहे. जुने आपल्या जागी जुनेच राहिले. आता ते ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेच्या देखरेखीखाली आहे.

हे सारे मी दारापाशी बसलेल्या त्या बाईंच्या तोंडून आणि तेथील फलकांवरून गोळा करीत होते. बाईंनी आम्हाला थर्मासमधला चहा आणि घरी केलेला केक दिला. त्यांचे स्वतःचे गाव तेथून चार-पाच मैलांवर होते. तेथील चर्चच्या पन्हळी पाहण्याचे काम आपल्याकडे असल्याचे त्यांनी अशा थाटात सांगितले, की ती जणू एखादी मनसब असावी.

“पन्हळी?” मी विचारले.

“पानगळ सुरू झाली की त्या तुंबतात,” बाई म्हणाल्या. “पाणी भिंतीत उतरतं. भिंत ओली झाली की तुळया कुजतात, गिलावा सुटतो. मग लाखो पौंड जमवत बसा. त्यापेक्षा मूठभर पानं वेळेवर काढलेली बरी.”

पुढे त्यांनी सांगितले, की १९५५ सालच्या कायद्याने सुरू झालेल्या नियमाप्रमाणे इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. या पंथाची सुमारे सोळा हजार चर्च आहेत. त्यांपैकी ज्यांत आता प्रार्थना होत नाही अशा साडेतीनशेहून अधिक चर्चचा सांभाळ एक स्वतंत्र न्यास करतो. आणि तरीही पैसा पुरत नाही, चोर छपरांवरचे शिशाचे पत्रे काढून नेतात, तरुण मुले फिरकत नाहीत, अशी त्यांची तक्रार होतीच. इंग्रजांचे सर्व आलबेल आहे आणि आपले सर्व बिघडले आहे, असे सांगण्याचा माझा बिलकुल इरादा नाही.

मग त्यांनी सहज विचारले, “तुमच्या भागात इतकं जुनं काही आहे का?”

मला स्फुरण चढले. मी म्हटले, आहे तर! आमच्या महाविद्यालयाचे शिबिर ज्या गावी भरते तेथे यादवकालीन देऊळ आहे, बाराव्या-तेराव्या शतकातले, चुनाबिना न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले.

“वा! आणि त्याची निगा कोण राखतं?”

“आम्हीच,” मी म्हणाले. “गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांनी सगळ्या देवळाला रंग दिला.”

“चुन्याचा?”

“नाही. ऑइलपेंट.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी भांडले तरी असते.

मित्रमैत्रिणींनो, आता त्या चुकीविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जे आले होते त्यांना ते देऊळ आठवत असेल. गावाचे नाव लिहीत नाही. गावाचा त्यात दोष नाही. काळ्या पाषाणाचे चार खांब, त्यांवरची कीर्तिमुखे, गाभाऱ्याच्या द्वारशाखेवरची वेलबुट्टी, ललाटावरचा गणपती, बाहेर उभे केलेले दोन वीरगळ. आपण तीन दिवसांत त्याचे ‘रूप पालटले’. खांब पिवळे केले, द्वारशाखा डाळिंबी केली, कीर्तिमुखांना पांढरे डोळे काढले. वीरगळावरच्या घोड्याला पांढरा आणि त्यावरच्या वीराला गुलाबी रंग मी स्वतः दिला. वेलबुट्टीच्या बारीक खोबणीत रंग साचून ती सपाट झाली, तेव्हा ‘आता कसे गुळगुळीत दिसते!’ असे आपल्यातलेच कोणीतरी म्हणाले होते, आणि आपण माना डोलावल्या होत्या. समारोपाला डब्यांचा खर्च देणाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भाषणांत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मी मोजून सात वेळा ऐकला.

देवळासमोर रोज पहाटे खराटा मारणाऱ्या गुरवआजी तेव्हा पायरीवर बसल्या होत्या. “काळा देव काळाच बरा दिसतो, पोरी,” असे त्या मला म्हणाल्या होत्या. मी हसून म्हटले, “आजी, आता बघा कसं उजळतं ते!” इतिहास हा माझा विशेष विषय आहे, हे येथे लाजेने नमूद करते.

परत आल्यावर नोव्हेंबरात मी एकदा तेथे जाऊन आले. एकच पावसाळा झाला आहे. जोत्याजवळ रंगाला फुगे आले आहेत. नखाने दाबले तर आत ओल लागते. ऑइलपेंट दगडाची छिद्रे बंद करतो. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि पापुद्र्यामागे साठून राहते. केंपलीच्या भिंतीला शेलॅकने जे केले तेच आपण येथे केले. त्यांना निदान १८७२ साली हे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक होण्यासारखे होते. आपण विचारले नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ऐकू येत आहेत. पहिला आक्षेप असा, की केंपलीचे चर्च ओस पडलेले आहे आणि आपले देऊळ नांदते आहे. नांदत्या घराला रंगरंगोटी करावीच लागते. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. केंपलीत मला एका गोष्टीने वाईट वाटले, तेही सांगितले पाहिजे. तेथे सर्व काही जपलेले होते. पण त्या बारा प्रेषितांपुढे कोणी गुडघे टेकलेले मी पाहिले नाही. आम्ही सारे प्रेक्षक होतो. आपल्या देवळात सांजवात लागते, नवस बोलले जातात, बाळाला देवापुढे घातले जाते. हे सोडून संग्रहालय करा असे कोण म्हणेल? परंतु दर पाच वर्षांची तपासणी आणि पन्हळींची राखण ज्या हजारो चर्चमध्ये चालते ती बहुतेक नांदतीच आहेत. आणि आपल्याकडे देवाची पूजा करायला रंग कोठे लागतो? फूल लागते, पाणी लागते, दिवा लागतो. खांबावरच्या कीर्तिमुखाला ऑइलपेंट लावा असे कोणत्याही पूजाविधीत सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे शिकल्यासवरल्या लोकांचे चोचले आहेत. गावाच्या श्रद्धेत आपण नाक का खुपसावे? याला माझे उत्तर एवढेच, की त्या देवळात ऑइलपेंट घेऊन गेलेले आपणच होतो, शिकले-सवरलेले. गावाने फार तर जोत्याला चुना लावला असता. श्रद्धेच्या बाजूने बोलायचे तर गुरवआजींची श्रद्धा आपल्याहून जुनी, आणि ती ‘काळाच बरा’ म्हणत होती.

तिसरा आक्षेप पैशांचा. परदेशात न्यास आहेत, देणग्या आहेत, कायदे आहेत. कायदे आपल्याकडेही आहेत. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. पण संरक्षित वास्तूंच्या यादीत नसलेली लहान देवळे असंख्य आहेत आणि ती सर्वस्वी आपल्या सद्‌बुद्धीवर सोडलेली आहेत. त्यांच्या बाबतीत पैसा कमी असण्यापेक्षा अधिक झाल्याचाच धोका मला जास्त दिसतो. पैसा आला की शिखरावर सिमेंट येते, गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरशा येतात, मंडपाला लोखंडी जाळी येते. ज्या गावाकडे वर्गणी जमली नाही तेथलेच देऊळ अजून ओळखीचे राहिले आहे. पन्हळीतली पाने काढायला किंवा दगडांच्या सांध्यातले पिंपळाचे रोप ते बोटाएवढे असतानाच उपटायला वर्गणी लागत नाही. लक्ष लागते, आणि ते रोज लागते. आपल्या उत्साहाची खोड अशी, की तो सात दिवसांच्या शिबिरापुरता उसळतो. निगा मात्र उरलेल्या तीनशे अठ्ठावन्न दिवसांत राखायची असते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट मांडते. जुन्या वास्तूला नवे करणे म्हणजे तिचे जतन नव्हे. आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो त्यात बहुधा ‘उद्धार’ आपल्या नावाच्या पाटीचा होतो आणि वास्तू पूर्वी होती त्याहून जीर्ण होते. जतन म्हणजे झाडलोट. ती दिसत नाही, तिचे छायाचित्र निघत नाही, समारोपाला तिचा सत्कार होत नाही. आणि वास्तू टिकते ती तिच्यामुळेच.

यंदाच्या शिबिराचे वेळापत्रक ठरवणाऱ्या प्राध्यापकांना आणि मित्रांना माझ्या काही सूचना आहेत. एक, दिलेला रंग काढण्यासाठी तारेचे ब्रश आणि ॲसिड घेऊन कोणी धावू नये. खरवडण्याचा उत्साह हा रंगवण्याच्या उत्साहाचा सख्खा भाऊ आहे. पुरातत्त्व विभागाला आपण महाविद्यालयातर्फे पत्र लिहावे, घडले ते जसेच्या तसे कळवावे आणि जाणकारांचा सल्ला मागावा. दोन, देवळाभोवती तुंबलेली नाली मोकळी करून पावसाचे पाणी जोत्यापासून दूर काढावे. तीन, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी देवळाचे मोजमाप घ्यावे, प्रत्येक खांबाचे रेखाचित्र काढावे आणि वृद्ध गावकऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. रंगाखाली काय होते हे आज ज्यांना आठवते ते उद्या असतीलच असे नाही. चार, भजनी मंडळाला मोठी जागा हवी आहे हे खरे. ती देवळाच्या मंडपाला न जोडता पलीकडे वेगळी बांधावी, असे गावाला सुचवावे. पाच, दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह आपल्याकडे पाळला जातो. त्यातला एक दिवस शाळेतल्या मुलांना देवळात बोलवावे आणि वीरगळ म्हणजे काय, तो कोणासाठी उभा करतात, हे त्यांना सांगावे. दार तेथे उघडेच असते. निमित्त आपण देऊ.

आणि शेवटची सूचना म्हणा की विनंती म्हणा. यंदा समारोपाला शाल-श्रीफळ द्यायचेच असेल तर ते गुरवआजींना द्यावे. मी त्यांची क्षमा मागून आले आहे. त्या म्हणाल्या, “असू दे गं, पुढच्या पावसात जाईल समदा.” त्यांना वाटते तितका तो रंग सहज जाणार नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी त्यांच्या हातून खराटा मागून घेतला आणि अंगण झाडले. अर्ध्या अंगणातच पाठ भरून आली. तेव्हा यंदा शिबिराच्या सामानाच्या यादीत रंगाचे डबे नसावेत आणि खराटे मात्र भरपूर असावेत.